पंख्याचं विमान, जेटचं इंजिन

२७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याजवळच्या जुब्बरहट्टी विमानतळावरून एक छोटं विमान दिल्लीकडे निघालं आणि छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या ‘उडान’ योजनेतली पहिली फेरी झाली. त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद आणि कडप्पा–हैदराबाद या मार्गांचाही आरंभ झाला. जुब्बरहट्टीची धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून केलेली, जेमतेम सव्वा किलोमीटर लांबीची. मुंबई-दिल्ली फेऱ्या करणारं एअरबस किंवा बोइंग तिथे उतरवता येत नाही. शिमल्याहून निघालेलं विमान होतं एटीआर-४२, आणि नांदेडच्या मार्गावर होतं त्याच घराण्यातलं लांबीने मोठं एटीआर-७२. दोन्हींच्या पंखांखाली एकेक इंजिन आणि त्यापुढे उघडा, मोठा पंखा.

हे पंखे पाहून पुष्कळ प्रवासी मनातून खट्टू होतात. पंख्याचं विमान म्हणजे जुनं आणि जेट म्हणजे नवं, अशी आपली समजूत घट्ट आहे. जुन्या छायाचित्रांतली डाकोटा विमानं पंख्याची होती, पुढे जेट आली आणि पंखे गेले, असा इतिहास आपण मनाशी मांडून ठेवला आहे. एटीआरच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो. डाकोटाच्या पंख्यामागे मोटारीसारखं, सिलिंडरमध्ये दट्ट्या वर-खाली करणारं पेट्रोलचं इंजिन होतं. एटीआरच्या पंख्यामागे जेटच्याच जातीचं इंजिन आहे. टर्बाइनच्या जोरावर प्रोपेलर फिरवायचा, म्हणून टर्बोप्रॉप. इंधनही जेटला लागतं तेच, केरोसीनच्या जातीचं.

जेट इंजिन काय करतं ते आधी पाहू. पुढून हवा आत घेतली जाते. वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या रांगा तिला दाबत दाबत मागे ढकलतात, हा कॉम्प्रेसर. दाबलेल्या हवेत इंधन फवारून ते सतत जळत ठेवतात. तापून फुगलेला वायू मागच्या बाजूने सुटताना आणखी काही पात्यांच्या चकत्या फिरवतो, ही टर्बाइन. तिच्या दांड्याला पुढचा कॉम्प्रेसर जोडलेला असतो, म्हणून चक्र चालू राहतं. निखळ जेटमध्ये टर्बाइन फक्त कॉम्प्रेसर चालवण्यापुरती शक्ती काढून घेते आणि उरलेला वायू झोताने मागे फेकला जातो. त्या झोताची प्रतिक्रिया विमानाला पुढे ढकलते. टर्बोप्रॉपमध्ये टर्बाइनचे टप्पे वाढवून वायूतली जवळपास सगळी शक्ती दांड्यावर उतरवून घेतात. मागून बाहेर पडणारा झोत मग अगदी निस्तेज असतो. विमानाला मिळणाऱ्या एकूण रेट्यात त्याचा वाटा साधारण दहाव्या हिश्श्याचा. बाकी सगळं काम पंखा करतो.

मधे एक अडचण आहे आणि तिच्यावरच या इंजिनाची निम्मी कारागिरी खर्च होते. टर्बाइन लहान असते आणि ती मिनिटाला वीस-वीस हजार फेरे घेते. एटीआर-७२चा पंखा जवळपास चार मीटर व्यासाचा आहे; तो त्या वेगाने फिरवला तर पाती तुटून जातील. म्हणून दोघांच्या मधे वेग उतरवणारी गिअरबॉक्स येते. ती टर्बाइनचे वीस हजार फेरे पंख्यापर्यंत बाराशेवर आणते. दोन हजारांहून जास्त अश्वशक्ती एवढ्याशा जागेतून दातेरी चाकांवरून नेणं, तेही वर्षानुवर्षं न तुटता, हे धातुशास्त्राचं आणि वंगणाचं मोठं काम आहे. टर्बोप्रॉपच्या देखभालीत तंत्रज्ञांचं लक्ष गिअरबॉक्सच्या तेलावर एवढं का असतं, ते यावरून कळेल. तेलात धातूचा कीस सापडला तर आत काहीतरी झिजतंय, ही पहिली खूण.

एवढा खटाटोप कशासाठी? जेटचा झोत आहेच, तो का वापरू नये? याचं उत्तर शाळेतल्या दोन सूत्रांत आहे. विमान पुढे जातं ते हवा मागे ढकलून. किती रेटा मिळेल हे हवेचं वजन आणि तिला दिलेला वेग यांच्या गुणाकारावर ठरतं. किती शक्ती खर्च होईल हे मात्र वेगाच्या वर्गावर ठरतं. स्थिर हवेतली दहा किलो हवा सेकंदाला शंभर मीटर वेगाने मागे फेकली किंवा शंभर किलो हवा दहा मीटर वेगाने फेकली, तर रेटा सारखाच. पण पहिल्या प्रकारात शक्ती दसपट लागते. म्हणजे थोडी हवा फार जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा हळू ढकलणं केव्हाही स्वस्त. चार मीटरचा पंखा नेमकं हेच करतो. आजच्या मोठ्या प्रवासी जेटच्या इंजिनात पुढे जो रुंद पंखा दिसतो, तोही याच तत्त्वासाठी आहे. त्या इंजिनाला टर्बोफॅन म्हणतात, आणि आत शिरलेली बहुतेक हवा गाभ्याला बगल देऊन त्या पंख्यातूनच मागे जाते. टर्बोफॅनमध्ये पंखा कवचात बंद आहे, टर्बोप्रॉपमध्ये तो उघडा आणि कितीतरी मोठा. घराणं एकच.

मग सगळीच विमानं टर्बोप्रॉप का नाहीत? अडचण पात्याच्या टोकाशी आहे. एटीआर-७२ उंचावर स्थिरावलं की पंख्याचे फेरे सुमारे ८२ टक्क्यांवर आणतात, म्हणजे मिनिटाला जवळपास ९८०. त्या वेळी पात्याचं टोक गोल फिरताना सेकंदाला साधारण २०० मीटर जातं. विमान स्वतः ताशी ५१० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १४२ मीटरने पुढे जात असतं. दोन्ही गती मिळून टोकाचा हवेतला खरा वेग सेकंदाला २४७ मीटरच्या आसपास होतो. वीस हजार फुटांवर ध्वनीचा वेग ३१६ मीटर असतो, तेव्हा पातं सुरक्षित अंतरावर आहे. आता हाच पंखा लावून ताशी ८५० किलोमीटरने पस्तीस हजार फुटांवर जायचं ठरवू. टोकाचा वेग ३११ मीटर होतो आणि त्या थंड हवेत ध्वनीचा वेग उतरून २९६ वर आलेला असतो. टोकं ध्वनीला मागे टाकतात, पात्यांवर आघातलहरी उमटतात, पंख्याची कार्यक्षमता ढासळते आणि आवाज असह्य होतो. ताशी सहाशे-सातशे किलोमीटरपर्यंत पंख्याचं राज्य, त्यापुढे टर्बोफॅनचं, ही वाटणी निसर्गानेच करून दिली आहे.

एक विमान मात्र या वाटणीला जुमानत नाही. सोव्हिएत संघाचं टुपोलेव्ह-९५ हे १९५२ साली प्रथम उडालेलं बॉम्बफेकी विमान. त्याच्या चार इंजिनांवर प्रत्येकी दोन पंखे, एकामागे एक आणि उलट दिशांना फिरणारे. पहिल्या पंख्याने हवेला दिलेला पीळ दुसरा सोडवतो आणि तीही शक्ती कामी लावतो. त्याची एनके-१२ इंजिनं पंधरा हजार अश्वशक्तीपर्यंत पोचली. टर्बोप्रॉपमध्ये याहून बलवान इंजिन नेमाने सेवेत कधी आलं नाही. ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जाणारं हे विमान आवाजासाठी कुप्रसिद्ध आहे, कारण त्याच्या पात्यांची टोकं ध्वनीहून वेगाने जातात. याच घराण्यातलं टीयू-१४२ आपल्या नौदलाने १९८८ साली घेतलं. आठ विमानं आधी गोव्याला होती. १९९२ साली ती तमिळनाडूतल्या अरक्कोणमला गेली आणि २०१७ साली निवृत्त झाली. दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर पाणबुड्यांवर नजर ठेवणारी इल्युशिन-३८ विमानंही टर्बोप्रॉपच, १९७७ पासून २०२३ पर्यंत. समुद्रावर तासन् तास संथपणे घिरट्या घालायच्या असतील तर कमी इंधनात जास्त वेळ टिकणारं इंजिन हवं. नौदलांनी पिढ्यान् पिढ्या पंखा धरून ठेवला तो याच हिशेबाने.

आता इतिहासाकडे. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यात ग्योर्गी येंद्राशिक या हंगेरियन अभियंत्याने सीएस-१ नावाचं टर्बोप्रॉप इंजिन घडवलं आणि १९४० साली ते जमिनीवर चालवून दाखवलं. ते उडालं मात्र नाही; हंगेरीच्या हवाई दलाने जर्मन इंजिनाचं विमान घ्यायचं ठरवलं आणि काम थांबलं. उड्डाणाचा मान ब्रिटनला मिळाला. रोल्स-रॉइसने आपल्याच डर्वेंट या जेट इंजिनाला गिअरबॉक्स आणि पाच पात्यांचा पंखा जोडला, त्याला ट्रेंट नाव दिलं आणि २० सप्टेंबर १९४५ रोजी ग्लॉस्टर मिटिऑर या जेट विमानावर ते बसवून उडवलं. टर्बोप्रॉप म्हणजे काय हे समजावण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही: जेट इंजिन घेतलं, त्याला पंखा जोडला.

प्रवाशांपर्यंत ते पोचलं व्हिकर्स व्हायकाउंटमधून. १६ जुलै १९४८ ला हे विमान पहिल्यांदा उडालं आणि २९ जुलै १९५० ला त्याने लंडनहून पॅरिसला तिकीट काढलेले प्रवासी नेले. टर्बाइनच्या जोरावर झालेली ही जगातली पहिली नियमित प्रवासी फेरी. पहिलं प्रवासी जेट, डी हॅविलँड कॉमेट, प्रवासी घेऊन निघालं ते २ मे १९५२ रोजी. म्हणजे टर्बाइनचा पहिला प्रवासी पंख्याच्या विमानात बसला होता, आणि जेटचा त्यानंतर पावणेदोन वर्षांनी.  दट्ट्याच्या इंजिनांची सततची थरथर सोसलेल्या प्रवाशांना व्हायकाउंटचं गुळगुळीत उड्डाण नवलाचं वाटलं; त्याच्या टेबलावर नाणं कडेवर उभं राहतं अशी त्याची ख्याती झाली.

व्हायकाउंटमध्ये रोल्स-रॉइसचं डार्ट इंजिन होतं आणि या एका इंजिनाचा भारताशी फार जवळचा संबंध आहे. इंडियन एअरलाइन्सने १९५७ साली व्हायकाउंट आणली, तिच्यात डार्ट. १९६१ साली फॉकर फ्रेंडशिप आली, तिच्यातही डार्ट. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कानपूरमध्ये जुळवलेलं पहिलं अ‍ॅव्हरो-७४८ उडालं, तेही डार्टवर. विक्रांत या विमानवाहू नौकेवरची फ्रेंच बनावटीची आलिझे विमानंही डार्टवरच चालत. अ‍ॅव्हरो तर हवाई दलात दशकानुदशकं राबलं. त्याच्या जागी येणारं सी-२९५ हेही टर्बोप्रॉपच. हवाई दलाने २०२१ साली ५६ विमानांचा करार केला, त्यांतली ४० भारतात, वडोदऱ्यात बनवायची ठरली. साठ वर्षांनंतरही मालवाहू कामासाठी निवड पंख्याचीच झाली, याची कारणं आहेत.

मालवाहू टर्बोप्रॉपचे पंख बहुधा धडाच्या वर असतात आणि पंखे त्यांच्या पुढे. पंख्यांची हवा थेट पंखांवरून वाहते, त्यामुळे विमान सावकाश जात असतानाही त्याला उचल मिळते आणि थोड्या धावेत ते उठतं. कच्च्या धावपट्टीवरचे खडे उडाले तरी इंजिनाच्या तोंडात जाण्याची भीती कमी. आपल्या हवाई दलाच्या एएन-३२ मध्ये तर इंजिनं पंखाच्याही वर चढवलेली आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी सी-१३०जे सुपर हर्क्युलिस लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला, १६,६१४ फुटांवरच्या कच्च्या धावपट्टीवर उतरलं. तेही चार पंख्यांचंच.

पंख्याच्या पात्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण वैमानिकाच्या हातातली खरी चावी तिथे आहे. ही पाती मुळाशी घट्ट बसवलेली नसतात. उडत असताना ती आपल्या अक्षाभोवती वळवता येतात. उड्डाणाच्या वेळी पाती हवेला कमी कोनात कापतात, वेग वाढला की कोन वाढतो, आणि फेरे मात्र ठरलेलेच राहतात. धावपट्टीवर टेकल्यावर हाच कोन उलटा करता येतो. पंखा तसाच फिरत राहतो, पण हवा पुढे फेकू लागतो आणि विमान झपाट्याने मंदावतं. आखूड धावपट्टीवर या सोयीचं मोल फार आहे. आणि एखादं इंजिन हवेत बंद पडलं तर पाती हवेच्या दिशेला समांतर करायची, म्हणजे बंद पंखा विमानाला मागे ओढत नाही. याला फेदरिंग म्हणतात.

हेच फेदरिंग चुकीच्या क्षणी झालं तर काय होतं, ते १५ जानेवारी २०२३ ला नेपाळमध्ये दिसलं. पोखऱ्याला उतरण्याच्या तयारीत असलेल्या एटीआर-७२ मध्ये फ्लॅपचा दांडा हलवण्याऐवजी दोन्ही पंख्यांचे दांडे फेदरच्या जागी गेले, असा चौकशीचा निष्कर्ष आहे. इंजिनं चालू होती, पण पंखे हवा ढकलतच नव्हते. विमानातले ७२ जण गेले. शेजारी शेजारी असलेल्या दांड्यांवर हात ठेवताना नजर आणि तोंडी पडताळा दोन्ही का लागतात, हे त्या अपघाताने फार मोठी किंमत घेऊन शिकवलं.

या इंजिनाचे दोन प्रकार आहेत. एकात कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि पंखा एकाच दांड्याने बांधलेले असतात. कानपूरमध्ये बनणाऱ्या डॉर्निअर-२२८ मधलं टीपीई-३३१ इंजिन असं आहे. त्याच कुळातलं इंजिन हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानात आहे, ज्याची दुसरी उत्पादन साखळी ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला सुरू झाली. दुसऱ्या प्रकारात पंखा फिरवणारी टर्बाइन सुटी असते. कॉम्प्रेसरच्या दांड्याशी तिचा काही संबंध नसतो. वाऱ्याने भिरभिरं फिरावं तशी ती फक्त गरम वायूच्या प्रवाहाने फिरते. कॅनडाचं १९६० साली प्रथम चाललेलं पीटी-६ हे या प्रकारातलं सर्वांत गाजलेलं इंजिन. आपल्या हवाई दलाचे नवे वैमानिक ज्या पिलाटस पीसी-७ वर धडे गिरवतात, त्यात तेच आहे.

एटीआरचं इंजिनही सुट्या टर्बाइनचं आहे आणि त्यातून विमानाच्या अभियंत्यांनी एक सुंदर युक्ती काढली. विमान तळावर उभं असताना वातानुकूलन आणि वीज यांसाठी मोठ्या जेटमध्ये शेपटीत एक वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरमध्ये ते नाही. त्याच्या उजव्या पंख्याला ब्रेक लावतात. पंखा आणि त्याची टर्बाइन जागच्या जागी थांबतात, इंजिनाचा गाभा मात्र चालू राहून वीज आणि हवा पुरवतो. याला हॉटेल मोड म्हणतात. एका अख्ख्या इंजिनाचं वजन वाचलं, आणि त्याची देखभालही. प्रवासी डाव्या बाजूच्या मागच्या दारातून चढतात, चालू इंजिनापासून दूर.

आता पैशाची गोष्ट, कारण छोट्या शहरांची विमानसेवा शेवटी त्यावरच तगते. चारशे किलोमीटरच्या मार्गावर जेटचा बराच वेळ वर चढण्यात आणि खाली येण्यात जातो. ज्या उंचीवर ते काटकसरीने चालतं तिथे त्याला टिकायला मिळत नाही. टर्बोप्रॉप सतरा ते पंचवीस हजार फुटांवरच रमतं. एवढ्या अंतरात दोघांच्या वेळेत दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो, आणि इंधनात फार मोठा. शिवाय सत्तर-अठ्ठ्याहत्तर आसनं भरणं हे एकशेऐंशी आसनं भरण्याहून सोपं. नांदेड, कोल्हापूर, जळगाव, सिंधुदुर्ग या गावांना विमान हवं असेल तर त्याचा हिशेब या आसनांवरच जमतो. सरकारनेही हे ओळखलं आहे. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना विमानतळ प्राधिकरणाच्या तळांवर उतरण्याचं शुल्क माफ करण्यात आलं, आणि केंद्रीय विक्रीकर कायद्याने टर्बोप्रॉपच्या इंधनावरच्या राज्यांच्या करालाही मर्यादा घातली. त्या कायद्यातली व्याख्या मात्र इंजिनशास्त्राला धरून नव्हती. मुख्यतः पंख्यातून रेटा मिळवणारं कोणतंही विमान, मग तो टर्बाइनने फिरो की दट्ट्याच्या इंजिनाने, कायद्याने टर्बोप्रॉप ठरत होतं. पुढे सवलतीचा निकष ४० हजार किलोंपेक्षा कमी वजनाच्या विमानांचा झाला, ते योग्यच झालं.

तोटे लपवण्याचं कारण नाही. पंख्याच्या रेषेतल्या आसनांवर घरघर आणि कंप जाणवतो. ढगांच्या वर निघून जाता येत नाही, त्यामुळे पावसाळ्यात हेलकावे जास्त. थंड प्रदेशात ज्या उंचीवर बर्फ साचतं तिथूनच जावं लागतं. अमेरिकेत इंडियानातल्या रोझलॉनजवळ ३१ ऑक्टोबर १९९४ ला एक एटीआर-७२ याच कारणाने कोसळलं आणि ६८ माणसं दगावली. त्यानंतर पंखांच्या पुढच्या कडेवरचं बर्फ फोडणारे, हवेने फुगणारे रबरी पट्टे रुंद करण्यात आले. हे विमान असुरक्षित आहे असा याचा अर्थ नाही. हवामान आणि शिस्त यांच्याबाबत ढिलाई त्याला चालत नाही, एवढाच आहे.

आणि उघडा पंखा मोठ्या विमानांकडेही परत येऊ पाहतो आहे. जनरल इलेक्ट्रिक आणि फ्रान्सची साफ्रान यांनी जून २०२१ मध्ये एक संशोधन प्रकल्प जाहीर केला. त्यात कवच काढून टाकलेल्या, तलवारीसारख्या वाकवलेल्या पात्यांच्या पंख्याने जेटच्या जवळपास वेगात उडायचं, आणि इंधन व कार्बन उत्सर्जन वीस टक्क्यांहून जास्त घटवायचं, असं उद्दिष्ट आहे.

तोवर आपल्या वाट्याला एटीआर आलं तर मागच्या रांगेतली खिडकी मागून घ्या. आवाज तिथे कमी असतो, पंख वर असल्यामुळे खालचा प्रदेश अडत नाही, आणि उतरायचं दार जवळ असतं. खाली उतरल्यावर मागे वळून थांबलेल्या पंख्याची पाती कशी वळलेली आहेत ते नीट पाहा, आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना या पंख्यामागे जेटचं इंजिन आहे हे आवर्जून सांगा.